वकीलकाकूंच्या मोटारीची बॅटरी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी धंतोलीतल्या वकीलकाकू असं सांगतो. कुहीजवळच्या खेड्यातून मी नागपूरला कॉलेजात आलो तेव्हा त्यांनी मला मागची खोली दिली आणि पदवी मिळेपर्यंत जेवू घातलं. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं.

बेचाळीस साली वकीलकाकांना घरूनच पकडून नेलं. ते पोलिसांच्या गाडीत चढत होते तेव्हा काकू म्हणाल्या, "आज यांच्या गाडीतून जा. आणायला मी आपली मोटार घेऊन येईन."

मग मोटार उभीच राहिली. ड्रायव्हर फौजेत गेला होता आणि पेट्रोल कुपनावर मिळे. मला चालवता येत होती, म्हणून ती माझ्याकडे आली. जुनी बॅटरी संपलेली होती. सीताबर्डीवरच्या मिस्त्रीकडे दोनच होत्या: एक फौजेच्या ट्रकची, दांडगी, दुसरी आमच्या मापाची, जुन्या खोक्यात नव्या प्लेटा घातलेली. मी ट्रकच्या बॅटरीकडे पाहत राहिलो.

"काहून गा, बीएस्सी, मोटारीत रणगाडा जोडतं काय?" मिस्त्री म्हणाला. "ते बसणार कुठं? अन् उभ्या गाडीले इतकी ताकद कायले?"

मी मापाची घेतली. गाडी चालत नव्हती म्हणून तारा सोडून ठेवायचो, टोकांना व्हॅसलीन लावायचो, पाणी कमी झालं की औषधांच्या दुकानातून शुद्ध पाणी आणून घालायचो आणि महिन्यातून एकदा सायकलवर बांधून चार्जिंगला न्यायचो. काकू रोज विचारायच्या, "जिवंत आहे ना रे?"

दसऱ्याला मी गावी गेलो. परत आलो तर बॅटरीला हळदकुंकू आणि वर झेंडूचं फूल.

"खंडेनवमीला पूजा केली," काकू म्हणाल्या. "पाणी खाली गेलेलं दिसलं. तुझ्या बाटलीत थेंब नव्हता. मग काशीचा गडू फोडला. ते पाणी कधी नासत नाही, त्याहून शुद्ध कुठलं मिळणार?"

तांब्याचा, तोंड डाख लावून बंद केलेला गडू. देवघरात बरीच वर्षं होता. तांबं बॅटरीत गेलं की ती आतल्या आत उतरत राहते, हे मी शिकलो होतो. मी "बरं" म्हटलं. मिस्त्रीकडे नेऊन आतलं सगळं ओतून नवं भरून घेतलं, तरी पुढे आठवडाभरही चार्ज टिकेना. दुसरी बॅटरी तोवर बाजारात नव्हती.

सुटकेचा निरोप एका सकाळी अचानक आला. काकू चांगलं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसल्या. मी किल्ली फिरवली. मग हँडल मारलं. ठिणगीपुरतीही वीज उरली नव्हती.

शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले, "काय वहिनी, धक्का देऊ काय?"

"द्या की. धोतर खोचून या मात्र."

आम्ही दोघांनी कोपऱ्यापर्यंत ढकलली. काकू आतच बसून होत्या. मग खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "टांगा बोलाव."

तुरुंगाच्या दाराशी काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "मोटार?"

"पेट्रोल नाही मिळालं," काकू म्हणाल्या.

काका पुढे वर्षभरच जगले. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी भंडाऱ्याच्या शाळेत शिकवत होतो. तो तास मी पूर्ण घेतला. काही दिवसांनी काकूंचं पत्र आलं. मोटार विकायची नाही, कुठली बॅटरी घेऊ, असं विचारलं होतं. खाली एक ओळ होती: त्या दिवशी माझ्या पाण्यानेच झालं का? खरं ते लिही. मी वह्या तपासून संपवल्या आणि उत्तर लिहिलं.

तीर्थस्वरूप काकूंस साष्टांग नमस्कार.
बॅटरी मापाचीच घ्यावी, मोठी नको. दुकानदाराला आपल्यासमोर तिच्यात ॲसिड भरायला सांगावं. भरून ठेवलेली घेऊ नये. महिन्यातून एकदा चार्जिंगला पाठवावी. मोटार फिरली नाही तरी पाठवावी.
आपण खरं विचारलंत म्हणून लिहितो. होय, त्या पाण्यानेच झालं. गडू तांब्याचा होता. हे आपल्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.
आणखी एक लिहितो. मोटारीतून उतरताना काका कधी कुणाचा हात धरत नसत. त्या दिवशी टांग्यातून उतरताना त्यांनी आपला धरला, आणि ओसरीपर्यंत सोडला नाही. मी मागे त्यांची वळकटी घेऊन उभा होतो, म्हणून मला दिसलं.
आपला आज्ञाधारक.