पाचवा पाय

सायखेड्याला आमच्या घरी खंडेनवमीला अवजारं पुजतात. कोयते, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, सगळं धुऊनपुसून. गेल्या खेपेला आई म्हणाली, "आन् तुझं अवजार कुठं हाय? आण की." मी सातपूरच्या एका लहान कारखान्यात हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं गणित मांडते. माझं अवजार तिळाएवढं! काचेच्या झाकणाच्या डबीत घालून नेलं. मी ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालून येईपर्यंत आईची पूजा आटोपली होती. डबी उचलली आणि परत आले.

या सेन्सरमध्ये एक बारीक चकती चार पायांवर अधांतरी असते. ती तापवायची. भोवतीची हवा तिची उष्णता पळवते. हवा उपसून टाकली की पळवणारं कोणी राहत नाही, पायांतून झिरपेल आणि अंगातून बाहेर पडेल तेवढीच जाते. उष्णता किती गेली त्यावरून हवा किती उरली ते कळतं.

गावाहून आल्यावर चाचण्या सुरू केल्या. साध्या हवेत माझं गणित चोख जुळायचं. पंप लावून हवा उपसली की चकती माझ्या हिशोबापेक्षा भराभर थंड व्हायची. अरे, पण उष्णता जाते कुठं? पायांची जाडी बदलून पाहिली, गळती शोधली, पंपावर चिडले. माशी कुठं शिंकतेय तेच कळेना. साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत नाही जुळलं तर तयार सेन्सर बाहेरून आणू." म्हणजे हे काम बंद, आणि मी पुन्हा नट-बोल्ट तपासायच्या टेबलावर. खरं सांगते, मी घाबरले होते. आपल्याला हे येतच नसावं, असं गंगापूर रोडच्या माझ्या खोलीत बसून वाटायला लागलं.

गावी नेण्याआधी चकती तपासली होती, म्हणून पुन्हा पाहिलीच नव्हती. शेवटी वैतागून मायक्रोस्कोपखाली धरली. चकती आणि चौकट यांच्या फटीत एक लाल कण अडकला होता. आमच्याकडे लाल काही वापरतच नाहीत. काढायला जावं तर पाय मोडेल. मग गणितातच त्याला पाचवा पाय म्हणून घेतलं, आणि सगळं जुळलं. लग्नघरात एक पाहुणा जास्त जेवला तर कळत नाही, तसं हवा असताना त्या कणाचं काही कळत नव्हतं. पण तो आला कुठून?

साहेब प्रत्येक नव्या मशीनपुढं नारळ फोडणारे; डबी पूजेला घरी नेली तीही त्यांना विचारूनच. त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

"कुंकू आहे," ते म्हणाले. "गणित बरोबर आहे तुमचं. काम चालू ठेवा. आणि घरी काही बोलू नका."

मला तरीही उलगडेना. डबी तर बंद होती.

संध्याकाळी आईचा फोन आला. गणित जुळत नाही, एवढं तिला मागे सांगितलं होतं. "जुळलं का गं तुझं?"

"जुळलं."

"नाय जुळायला काय झालं? डबी उघडून आतल्याला वाहिलंय मी. झाकणाला वाहून काय उपयोग? पोरीचं काम लय नाजूक, म्हणून जरा जास्तच वाहिलं."

हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"पोचलं, आई," मी म्हटलं.