वरवंट्याखालची गिटार

"हिच्या हातात बघा ना, कशी बोलायली! इथं नुसती पडूनच व्हती."

काकू आईला सांगत होती, स्वयंपाकघरात, पोहे परतता परतता. मी पाण्याचा जग घेऊन दारातच थांबले. बाहेरच्या खोलीत माझी धाकटी चुलत बहीण माझी गिटार वाजवत होती. नात्यातल्या एका लग्नाच्या साड्या घ्यायला काका-काकू तिला घेऊन सकाळीच सोयगावहून आले होते, आणि चपला काढल्यापासून तिनं ती गिटार खाली ठेवलेली नव्हती.

पडून होती, हे तसं खरंच. आठवडाभर पडून होती, वरवंट्याखाली.

आमच्या शहरातल्या छावणी भागात, एका जुन्या सामानाच्या दुकानात, मोडक्या कूलरच्या मागे मला ती दिसली. तारा गंजलेल्या, आणि तारा जिथं अडकवतात ती लाकडी पट्टी, म्हणजे ब्रिज, अर्धी उचकटलेली. कुणीतरी तिला दाराच्या बिजागरीचे दोन स्क्रू मारून ठेवले होते. दुकानदारानं विचारलं, "बजाते क्या तुम?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

वाजवता येत नव्हतंच. शाळेत असताना दोन महिने क्लास केला होता, पण सगळ्यांसमोर चुकायचं म्हटलं की माझी बोटं आखडतात. दुरुस्ती मात्र दार लावून एकटीनं करता येते. व्हिडिओ बघून मी स्क्रू काढले, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून जुना सरस मऊ केला, बोथट सुरीनं पट्टी सोडवली. स्क्रूच्या भोकांत आगपेटीच्या काड्या तासून बसवल्या. नवा सरस लावल्यावर वरून दाब हवा, पण सुताराकडून आणलेला शिकंजा गिटारच्या मधल्या गोल भोकातून ब्रिजपर्यंत पोहोचेना. मग वर फळीचा तुकडा ठेवला आणि त्यावर वरवंटा. आईनं आठवडाभर मिक्सरमध्ये चटणी वाटली आणि रोज ऐकवलं, "मॅडम, पूजा झाली असेल तर आमचा दगड द्या आता."

नव्या तारा चढवल्या त्या दिवशी ब्रिज जागचा हलला नाही. फक्त एक तार मी दाबली की खरखरायची. मी तिच्याखाली कागदाची घडी घालून पाहिली, कानस मारून पाहिली. शेवटी ठरवून टाकलं की गिटारच हलकी आहे.

आज ती तार खरखरत नव्हती. मी जग धरून तेवढंच ऐकत होते. खरखरावी म्हणून वाट बघत होते, हे लिहायला लाज वाटते. एकदाही नाही. म्हणजे दोष तारेत नव्हता, माझ्या बोटांत होता.

तिला कुणी शिकवलेलं नाही. मैत्रिणीची गिटार मागून आणायची आणि फोनवर बघून वाजवायची. चुकली की स्वतःच खदखदून हसायची, "थांबा थांबा, परत!" आणि परत सुरू. वर गायचीही, मोकळ्या गळ्यानं. बाबा फोन बाजूला ठेवून ऐकत होते. मी तारा चढवल्या त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं होतं, "परीक्षा कधी आहे?"

पोहे खाऊन झाल्यावर काका तिला म्हणाला, "घेऊनच जा की ही. किती दिवस लोकाची मागून वाजवशील? ताई काय नाय म्हणती का?"

"व्हय ताई? नेऊ?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "ने की गं. ही कुठं वाजवते? आणि मोठी आहे ना ती."

मोठीनं द्यायचं, हा आमच्या घरातला नियम. सायकल, स्केट्स, रंगांची पेटी, सगळं असंच सोयगावला गेलं. दर वेळी मी 'शुअर' म्हणाले. इंग्रजीत दिलेलं जरा कमी दुखतं.

काका गाडीची डिकी उघडून आला. गाडी सकाळपासून उन्हात उभी होती. अजून साड्या घ्यायच्या होत्या, म्हणजे गिटार दिवसभर त्या भट्टीत राहणार आणि माझा सरस सुटणार. मला ते माहीत होतं आणि मी गप्प होते. मनात म्हटलं, जाऊ दे. सोयगावला पोहोचेपर्यंत ब्रिज उखडून हातात येईल, मग बघू कशी बोलते ते. 'शुअर' अगदी ओठावर आलं होतं.

तेवढ्यात तिनं गिटार उचलली आणि ब्रिजच्या कडेवरून अंगठा फिरवला. "कसला साफ बसवलाय गं ताई. कुणाकडून करून घेतला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले.

"मी बसवलाय," मी म्हणाले. "आणि मी ही देणार नाही. तू माझ्यापेक्षा लई चांगली वाजवतेस, सकाळपासून जीव जळतोय माझा. तरी पण ही माझी आहे."