दही न लावणाऱ्यांचं दूध

आमच्या दूधवालीनं दुधात कधी पाणी घातलं नाही. हे ती स्वतःच सांगायची, आणि ते खरंही होतं. पनवेलमध्ये शेतं जाऊन बिल्डिंगा उभ्या राहत होत्या त्या वर्षांत ती पळस्प्याकडच्या आपल्या गोठ्यातून कॅन घेऊन यायची, आणि आमच्या जिन्यातल्या सगळ्या घरांत तिच्या जाड सायीचं कौतुक चालायचं. ते कौतुक आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. घसा सुजला म्हणून एकदा तिला पेनिसिलिन दिलं, तर ओठ-डोळे सुजून पोरीचा चेहरा ओळखू येईना. हे औषध पुन्हा पोटात गेलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. घरातल्या प्रत्येकाकडून मी ते नाव पाठ करून घेतलं. तरी पुढे अधूनमधून तिच्या अंगावर गांधी उठायच्या आणि ती खाजवून खाजवून रडायची. मी कोळंबी बंद केली, अंडी बंद केली, कुणीतरी सांगितलं म्हणून शेंगदाणेसुद्धा बंद केले. पोर वाळली. वाळली म्हणून तिचं दूध वाढवलं. दुधाची शंका कुणी काढलीच, तर उकळलं की सगळं मरतं, हे उत्तर ठरलेलं. उकळून जंतू मरतात, औषध तसंच राहतं, हे सांगायला कुणी आलं नाही.

मग सासूबाई गावाहून राहायला आल्या. आमच्याकडे दही दुकानातून येतं हे पाहून त्यांनी नाक मुरडलं, आणि रात्री स्वतः विरजण लावलं. सकाळी पातेल्यात दूध जसंच्या तसं. त्यांनी विरजण बदललं, भांडं बदललं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनातल्या मनात म्हणून घेतलं. पण दही काही लागेना, तेव्हा त्यांनी दूधवालीला दारातच धरलं.

दूधवाली गडबडली, पण माझ्याकडे बघून.

"वहिनी, तुमी दही कवापासून लावाया लागल्या? मला सांगाचं ना."

का, म्हणून मी विचारलं. तिनं काही न लपवता सांगितलं. तिच्या एका म्हशीला दगडी झाली होती, म्हणजे कास सुजून कडक झाली होती. गोठ्यात हे चालायचंच, कधी ही म्हैस, कधी ती. मग सडात पेनिसिलिनची ट्यूब सोडायची. सोडली की काही दिवस त्या दुधाचं दही लागत नाही. म्हणून दही लावणाऱ्या घरांना दुसऱ्या म्हशीचं द्यायचं, आणि हे चहावाल्यांना आणि आमच्यासारख्या दही विकत आणणाऱ्यांना. हे दूध फेकायचं असतं, असं गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं नाही का? सांगितलं होतं.

"दूध कोन नाल्यात ओततं, वहिनी? लक्ष्मी हाय ती. चांगलं दूध हाय, निस्तं इरजत नाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला मुलीचं सगळं सांगितलं, अंगावरच्या गांधी, बंद केलेलं खाणं, सगळं. माझा आवाज इतका चढला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तुम्हाला उद्यापासून दुसऱ्या म्हशीचं देते, म्हणाली. मग कॅनचं झाकण लावता लावता तिनं समोरच्या दाराकडे बघितलं.

"या समोरच्या वहिनी लावतात का ओ दही?"

समोरच्या घरात बाटलीचं दूध पिणारं तान्हं होतं.

मी कॅनला लाथ मारली. झाकण घरंगळत गेलं आणि दूध पायऱ्यांवरून खाली वाहू लागलं. दूधवाली मटकन बसली आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर मारून घ्यायला लागली. माझ्यामागे सासूबाईंनीही सांडलेल्या दुधाला हात जोडले. मग दूधवालीनं त्या दुधाला बोटं लावून ती कपाळाला लावली, रिकामा कॅन उचलला आणि ती गेली. माझ्या मुलीबद्दल ती एक शब्दही बोलली नाही.