शाळा सुटताना बघणारी

माणिकपूरला शाळेच्या फाटकासमोर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे, त्यामुळे कोणाची आई कोण हे मला पाठ. ही मात्र कोणाचीच आई दिसेना. काही दिवस शाळा सुटायच्या वेळी यायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत मुलांकडे बघत राहायची आणि एकटीच परत जायची. शेवटी मी हटकलंच, "तुमचं मूल कोणतं?"

"अजून इथं नाय. कामनच्या शाळेत हाय," ती म्हणाली. "पोरीचं रोज सकाळी पोट दुखतं. रविवारी दुखत नाय. म्हनून दुसऱ्या शाळा बघत फिरते."

"मग आत जाऊन बघा की."

"भरताना सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात, दादा. सुटताना पोरं कशी निघतात ते बघायचं. इथली तर निघतच नाय."

खरं होतं. आमचा शिपाई रोज ओरडून मुलांना घरी पिटाळतो. मला तो नुसता गोंधळ वाटायचा.

मुख्याध्यापिकेने तिला सांगितलं, आधी जवळची मुलं, जागा उरली तर लांबची. जूनभर ती खेटे घालत राहिली आणि एक जागा उरली.

परवा शाळा सुटून बराच वेळ झाला, तरी तिची मुलगी बाहेर येईना. कामणची बस चुकेल म्हणून मीच तिला घड्याळ दाखवलं. तिने हातानेच 'राहू दे' म्हटलं आणि माझ्या पायरीवर ऐसपैस बसली. आत शिपाई ओरडत होता. त्या दिवशी तो तिच्याच मुलीच्या नावाने ओरडत होता.