पाठीकडून सुरू होणारा कोट

तमाम रयतेस, लहानथोरांस आणि विशेषतः आरशासमोर जास्त वेळ उभे राहणाऱ्या सर्वांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माणसाचा स्वभाव काळजात नसतो, कपाळावरही नसतो. तो बगलेत असतो. हे फर्मान निजाम सरकारचं नाही. आमच्या आबांचं आहे. आबा म्हणजे माझे वडील, बेंबळी गावचे शिंपी. आपल्या कलेविषयी त्यांना जराही विनय नव्हता, आणि तो नव्हता याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्यांची पद्धत सांगते. गिऱ्हाईक आलं की टेप आबांच्या गळ्यातच राहायची. आबा म्हणायचे, "तेवढं वरच्या फळीवरचं गाठोडं काढून द्या बरं." कुणी एकच हात वर करी. कुणी आधी इकडंतिकडं बघे. कुणी म्हणे, "मी कशाला काढू? तुमीच काढा की." गाठोड्यात नुसत्या चिंध्या होत्या, पण माप तेवढ्यात घेऊन झालेलं असे. त्यानंतर आबा छातीला टेप लावत ती केवळ लोकाचार म्हणून.

लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलवर, रांग लावून मिळायचं, तेही जाडंभरडं मांजरपाट, आणि नंबर येईपर्यंत संपलेलं. म्हणून आबा हाताला लागेल ते शिवत: छत्रीचं कापड, जुन्या पासोड्या, धनगरांकडची घोंगडी, लुगड्यांचे काठ, ओटीत आलेले आणि घराघरांत पडून असलेले खण. बाजारातला एक लिंगायत व्यापारी होता. गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायचा, हिशेब मनातल्या मनात कानडीत करायचा, आणि दुकानात कधी हसायचा नाही. गाठोडं काढताना तो चारी बाजूंना बघून घेत होता. आबांनी त्याला बाहेरून मातकट कोट शिवला आणि आतून डाळिंबी खणाचं अस्तर लावलं. गिऱ्हाईक गेलं की तो बाही हळूच उलटून बघायचा आणि गालातल्या गालात खुलायचा. सरकारी मदरशातले, म्हणजे शाळेतले, मास्तर जमिनीकडं बघून शिकवत. पोरं त्यांना जुमानत नसत. आबांनी त्यांच्या शेरवानीच्या गळ्यात चामड्याची पट्टी घातली. मान खाली घालायची सोयच उरली नाही. पहिल्याच दिवशी वर्ग चिडीचूप झाला.

गाव हसायचं. "शिंप्याचं डोस्कं फिरलंय," असं तोंडावर म्हणायचं. पण ज्याच्या अंगावर आबांचा कपडा चढला, तो दुसऱ्याकडं शिवायला गेला नाही. मी बाजारातून चालताना प्रत्येक अंगावर आबांचा हात ओळखायची आणि छाती पुढं काढून चालायची. पोरीच्या जातीनं असं चालू नये, असं आई म्हणायची. मी आणखी पुढं काढायची.

मग माझं लग्न ठरलं. नवरदेव तुळजापूरच्या बाजूच्या एका खेड्यातला, शेतकरी घरातला. स्थळ चांगलं होतं, पण त्याला एक मामा होते.

हे मामा लग्नात रुसत. रुसणारे आपल्याकडं पुष्कळ, पण ते धोतरासाठी नाहीतर अंगठीसाठी रुसतात आणि मिळालं की उठतात. मामा रुसण्यासाठीच रुसत. मंडपातून उठायचे, पारावर जाऊन मंडपाकडं पाठ करून बसायचे. नवरदेवाच्या मागं उभं राहायला मामा हवा, त्याच्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत. आदल्याच वर्षी एका भाच्याच्या लग्नात त्यांची समजूत काढता काढता मुहूर्त टळला, शब्दाला शब्द लागला, आणि वऱ्हाड नवरी न घेता परत गेलं. ती मुलगी अजून बापाच्या घरी होती. आमच्या घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं, पण सगळ्यांना तीच दिसत होती. मला तर फारच.

सुपारी फुटली त्या दिवशी मामांना विडा पहिला न मिळता दुसरा मिळाला. झालं! गेले पारावर. सगळे हातापाया पडायला धावले. आबा मात्र मामांच्या शेजारी जाऊन बसले आणि उन्हं कलेपर्यंत त्यांच्याकडं नुसतं बघत राहिले. परत आले ते फुलून.

"काय कसबी माणूस हाय!" आबा म्हणाले. "उजवा गुडघा वर, पाठ आपल्याकडं, पन डावा कान बराबर इकडं. खांदा तर सारखा मागं वळायला बघतोय."

"आवं, लेकीचं लगीन हाय," आई म्हणाली. "त्यास्नी चांगलासा शेला द्या न् पाया पडा."

"शेला समदेच देत्यात. मी कोट देनार."

आबांनी कोटासाठी काळी घोंगडी काढली तेव्हा आईनं कपाळावर हात मारून घेतला. "व्याह्याच्या मानसाला घोंगडी? तुमी माझ्या लेकीला घरातच बसवनार बगा!"

मी काजं करत होते. आईचं बोलणं खरं होतं, आणि भीतीनं माझी सुई बोटात जात होती. तरी सांगते, कोट जसजसा उभा राहिला तसतसं मला दुसरं काही दिसेना. घोंगडी इतकी ताठ की कोट कुणी घातला नाही तरी उभा राही. पुढची बाजू साधी, एकही शोभा नाही. सगळी शोभा पाठीवर! कमरेतून वर खणांचे आणि काठांचे पट्टे मोराच्या पिसाऱ्यासारखे फाकलेले. मागं उंच कॉलर, आणि कॉलरीत डाव्या कानापाशी एक चीर. खालचा घेर असा की बसलं की चौफेर आपोआप पसरावा.

"ह्या मानसाचं तोंड पाठीवर हाय," आबा म्हणाले. "मग कोटाचं तोंड पुढं कसं असंल?"

लग्नाच्या दिवशी मंडपात आहेर झाला. मामांनी गाठोडं सोडलं आणि कोट जमिनीवर स्वतःच उभा राहिला. वऱ्हाडातून कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांचा चेहरा काळवंडला. त्यांनी घोंगडी चाचपली, कोट उलटा केला, पाठ बघितली. बराच वेळ बघितली. मग कोट अंगात घातला आणि मंडपाबाहेर निघाले.

"गेले!" आई ओरडली. मी बोहल्याच्या बाजूच्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसले होते. खिडकीतून पार दिसत होता. मला ती बापाच्या घरी राहिलेली मुलगी आठवली.

जाणती माणसं नारळ घेऊन उठली. आबा दारात आडवे झाले. "कुनी जायाचं न्हाय."

"मुहूर्त टळंल की!"

"बसू द्या त्यास्नी. नीट बसू द्या."

मामा पारावर बसले. उजवा गुडघा वर, पाठ आमच्याकडं. घेर पसरला, ऊन पडलं आणि पाठीवरचा पिसारा पेटल्यासारखा झाला. आधी बायका बाहेर आल्या. मग पोरं. मग वाजंत्रीवालेसुद्धा.

"अगं बया, काय पाठ हाय!"

"राजावानी दिसत्यात!"

कॉलरीच्या चिरीतून प्रत्येक शब्द आत जात होता. मामांना राहवेना, ते वळले. पाठ दिसेनाशी झाली, तसा गलका झाला, "तिकडं फिरा मामा, तिकडं!" मामा फिरले. पुन्हा कौतुक, पुन्हा वळणं. बिचाऱ्यांचा असा रुसवा कधी झाला नसेल.

भटजींनी आतून हाक दिली. आता आबा पारावर गेले. हात जोडले नाहीत, पाया पडले नाहीत. मी खिडकीतून ऐकलं.

"मामा, हितं बसलात तर चाळीस मानसं बघत्यात. नवरदेवामागं हुबं ऱ्हायलात, तर समद्या मंडपाकडं तुमची पाठ असंल."

मामांनी खांद्यावरून मान वळवली. "समद्या?"

"व्हय. जेवनाच्या पंक्तीतून बी दिसंल."

मामा उठले. असे चालत आले की वाजंत्रीवाल्यांनी न सांगता वाजवायला सुरुवात केली. दारातून जाताना आबांनी माझ्या खिडकीकडं बघून मिशीला पीळ दिला. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि मनात एवढंच होतं की हा माणूस माझा बाप आहे.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. मामा नवरदेवामागं पाय रोवून, खांदे पसरून उभे होते, आणि गावच्या सगळ्या अक्षता त्या पिसाऱ्यावर पडत होत्या. कुणी आमच्याकडं बघतच नव्हतं. अंतरपाट खाली आला, आणि मी पहिल्यांदाच माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकला. तो मागं वळून, भर मंडपात ओरडला होता:

"आवं मामा, जरा सरका की! लगीन माझं हाय!"