सतरा नंबरचं दूध

दूध डेअरीत बसणाऱ्या माणसाला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. सकाळी सहाला शटर वर केलं की दुधाच्या आधी तेच आत येतात. लिहून ठेवायचे म्हटले असते तर फॅटच्या रजिस्टरपेक्षा जाड वही झाली असती!

मी निरगुडसरजवळच्या आमच्या वाडीतल्या डेअरीची सेक्रेटरी. माहेर अवसरी बुद्रुक, लग्न होऊन इथं आले आणि बारा वर्षांपासून या खुर्चीवर बसतेय. तरणी माणसं मला वैनी म्हणतात, म्हातारी सूनबाई. रोज शंभरेक लोक माझ्यापुढं कॅन ठेवतात, पण नाव कुणी सांगत नाही. नंबर सांगतात. सभासद नंबर मशीनमध्ये टाकल्याशिवाय दूध मोजलंच जात नाही. इंग्रजीतून आलेला एवढासा शब्द, पण आमच्याकडं त्याच्यावाचून पान हलत नाही.

हे किस्से मागच्या एका वर्षातले. त्या वर्षी हौसाबाईंनी कमिटीकडं स्वतःचा नंबर मागितला होता. वीस-पंचवीस वर्षं त्या रोज दूध घेऊन येत होत्या, पण ते जायचं सतरा नंबरला. सतरा नंबर म्हणजे त्यांचे मालक, किसनराव. कमिटीचं एकच उत्तर, “एका घरात दोन नंबर कशाला?”

*

नंबरची सवय कशी असते बघा. नारायणगावला एका लग्नाला गेले होते. कार्यालयात जेवणाच्या पंगतीजवळ एक गृहस्थ कडक इस्त्रीच्या कपड्यात, डोक्याला फेटा, पाहुण्यांच्या घोळक्यात उभे. मला बघून हसले. चेहरा ओळखीचा, रोजचा! पण नाव काही केल्या आठवेना.

शेवटी माझ्या तोंडून निघालं, “काय बेचाळीस, केव्हा आलात?”

एक पाहुणे माझ्याकडं, मग त्यांच्याकडं बघायला लागले. बेचाळीस नंबरचा कैदी बिदी आहे की काय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गृहस्थांना मात्र काहीच वाटलं नाही. उलट छाती फुगवून म्हणाले, “आमच्या डेअरीच्या वैनी हायेत. वैनी, सकाळची फॅट किती लागली वो?”

नाव मला अजून आठवत नाही.

*

आमच्या रांगेत एक सर असतात. हायस्कूलला इंग्रजी शिकवून रिटायर झाले आणि दोन गाई घेतल्या. शिकवण्याची हौस मात्र रिटायर झालेली नाही. एकदा लाइट गेली, मशीन बंद पडलं, रांग ताटकळली. सरांना तेवढंच पाहिजे होतं.

“नंबर हा शब्द किती कामं करतो बघा,” ते म्हणाले. “गाडीला नंबर, चष्म्याला नंबर, शेताला गट नंबर. परीक्षेत नंबर काढायचा, दवाखान्यात नंबर लावायचा. चांगल्या मालाला ‘एक नंबर’ म्हणून ओरडायचं, आणि दोन नंबरचा म्हटलं की आवाज खाली घ्यायचा!”

मग सर त्याच्या कुळावर घसरले. मूळ शब्द लॅटिन, ‘नुमेरुस’. त्याच्यात ‘ब’ नव्हताच. फ्रान्सात गेल्यावर ‘म’ आणि ‘र’ शेजारी शेजारी आले, बोलताना मध्ये ‘ब’ आपोआप शिरला, आणि तसाच इंग्रजांकडं पोचला.

हौसाबाई कॅनवर हात ठेवून ऐकत होत्या. म्हणाल्या, “म्हंजी घरनं एकलाच निघाल्याला, आन् वाटंत पावणं बसवून घेतलं!”

सगळी रांग हसली. सर पण हसले. वीस वर्षं शिकवलं, पण इतकं चांगलं उदाहरण मला सुचलं नाही, असं मोकळेपणानं म्हणाले. मग त्यांना आणखी चेव आला. “काही जाणकार त्याच्याही मागं जातात. त्यांचं म्हणणं, मुळात अर्थ वाटून देणं असा. ज्याचा हिस्सा त्याला.”

“मंग सर,” हौसाबाई म्हणाल्या, “माझा कुठंय?”

सर स्वतःच्या कॅनमध्ये बघायला लागले. तेवढ्यात लाइट आली, बरं झालं.

*

आमचे चेअरमन म्हणजे आप्पा. सभासद नंबर एक. त्यांना रांगेतही पहिलाच नंबर लागतो, पण थंडीत उभं राहवत नाही. म्हणून त्यांनी नियमच काढला होता, “मानूस उभा पायजेल असं काय न्हाई. वस्तू ठेवली तरी नंबर लागला!” त्या दिवसापासून शटरपुढं सकाळी माणसांऐवजी कॅन, पिशव्या, एखादी वीट अशी रांग लागायची. सगळ्यांत पुढं आप्पांची एक चप्पल. दुसरी पायात घालून ते शेकोटीला जायचे.

एक दिवस मी शटर उघडते तर चप्पल जागेवर नाही! शोधाशोध झाली. कुत्र्यानं उचलली होती आणि पार रस्त्याच्या पलीकडं, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकाजवळ नेऊन टाकली होती.

आप्पा लंगडत चप्पल आणायला निघाले, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “आप्पा, हलू नगा! वस्तू हाय तिथं तुमचा नंबर!”

आप्पा लई मानी माणूस. स्वतःचा नियम कसा मोडणार? कॅन घेऊन रस्त्याच्या पलीकडं गेले, चपलेत पाय घातला आणि तिथंच उभे राहिले. सगळ्या वाडीचं दूध मोजून होईपर्यंत! मी हातानं बोलावलं तर म्हणाले, “चालू द्या तुमचं. नियम म्हंजी नियम.”

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला.

*

आमचे कॅन शीतकरण केंद्राला नेतात शकीलभाई. जुन्नरचे, टेम्पो त्यांचा स्वतःचा. वाडीच्या वळणावर त्यांचा हॉर्न ऐकला की घड्याळ बघावं लागत नाही. इतका लांबलचक हॉर्न दुसरं कुणी वाजवत नाही. आम्हाला वाटायचं, आमच्यावर माया आहे.

मंचरला डोळ्यांचं शिबिर झालं, तिथं त्यांना बायकोनं बळंच नेलं. चष्म्याचा नंबर निघाला, आणि साधासुधा नाही, चांगला दणदणीत. चष्मा लावून पहिल्या दिवशी आले तेव्हा टेम्पोतून उतरून आधी डेअरीच्या भिंतीपुढं उभे राहिले.

“वैनी, ही भिंतीवर म्हस रंगवल्याली हाय व्हय?”

“पहिल्यापासून म्हैसच आहे की.”

“सहा वर्सं वलीचा डाग समजत व्हतो, राव!”

त्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून मी कितीदा तरी नारायणगावला गेले होते. म्हटलं, “शकीलभाई, मग वळणावर गाडी कशी दिसायची तुम्हाला?”

“दिसायची कुठं?” ते शांतपणे म्हणाले. “म्हनून तर हॉर्न वाजवायचो!”

आता हॉर्न बंद झालाय. आम्हाला चुकल्यासारखं होतं, पण कुणाची तक्रार नाही.

*

नवीन मशीन आल्यापासून दूध घातलं की मोबाइलवर मेसेज जातो. नंबर, लिटर, ज्यावर भाव ठरतो ती फॅट, सगळं त्यात. सतरा नंबरचा मेसेज किसनरावांच्या मोबाइलवर. आता किसनराव माणूस गोड, पण गोठ्यात गेलेले मी कधी ऐकलं नाही. सकाळी सातला ते स्टँडवर चहाच्या टपरीला असायचे. खिशात मोबाइल वाजला की बाहेर काढायचे, लांब धरायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “आज आपन आठ लिटर घातलं! फॅट सात!”

वार्षिक सभेत चांगल्या दुधाचं बक्षीस सतरा नंबरला निघालं. शाल, नारळ आणि स्टीलची बादली. किसनरावांनी शाल पांघरून भाषणही केलं. “म्हशीला लेकरावानी जपावं लागतं,” म्हणाले. टाळ्या पडल्या. हौसाबाई मागं बायकांत बसल्या होत्या, त्यांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बादलीत दूध घेऊन आल्या. मला हळूच म्हणाल्या, “सूनबाई, शेताचा गट नंबर त्यांचा. हिरीवरल्या मोटारीचा मीटर नंबर त्यांचा. म्हस तेवढी माझं ऐकती. म्या मेल्यावर ह्या डेअरीत कुनाला कळायचं बी न्हाई की मी दूध घालीत व्हते.”

हसत म्हणाल्या, पण मला तो दिवसभर घास गोड लागला नाही. अर्ज मीच लिहून दिला. कमिटीनं परत तेच उत्तर दिलं.

*

आता शेवटचा. हा मी कुठंही सांगते, माहेरी तर दोनदा सांगून झालाय.

अर्ज फेटाळल्यावर सोमवारी सकाळी हौसाबाईंनी कॅन पुढं ठेवला. मी सवयीनं विचारलं, “नंबर?”

“न्हाई.”

“अहो, सतरा ना?”

“सतरा त्यांचा. त्यांचं दूध त्येच आनतील.”

नंबराशिवाय मशीन हलेना. मागं रांग वाढली. आप्पा ओरडले, “सूनबाई, टाका सतरा आन् व्हा मोकळ्या!” हौसाबाईंनी कॅनवर झाकण लावलं, उचलला आणि घरी गेल्या. त्या दिवशी त्यांच्या घरी खवा झाला, आणि टपरीवर किसनरावांचा मोबाइल वाजलाच नाही.

मंगळवारी किसनराव स्वतः रांगेत! आणि अंगावर हौसाबाईंचं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर! झालं होतं असं, की परक्या माणसाला म्हैस जवळ येऊ देत नाही, म्हणून बायकोचं लुगडं पांघरून धार काढायची, ही आमच्याकडची जुनी युक्ती. किसनरावांनी ती केली, पण लाथेच्या भीतीनं इतके घाईत निघाले की लुगडं काढायचं राहूनच गेलं. रांग पोट धरधरून हसत होती. बादलीत दूध जेमतेम पाव लिटर.

आप्पांनी विचारलं, “किसनराव, म्हस फसली का न्हाई?”

“फसली की,” किसनराव पदर सावरत म्हणाले, “एका सडापुरती!”

त्याच संध्याकाळी कमिटी बसली. आप्पा म्हणाले, “एका घरात दोन नंबर न्हाईत, असा नियम हाय.” मी नियमांचं पुस्तक टेबलावर ठेवलं. म्हटलं, आप्पा, सगळं वाचलं, असं कुठंच लिहिलेलं नाही. सरांनीही पान न पान चाळून मान हलवली. “मंग इतकी वर्सं कोन म्हनत व्हतं?” आप्पांनी विचारलं. सगळे एका आवाजात म्हणाले, “तुमीच!”

ठराव झाला. हौसाबाईंना एकशे अठरा नंबर मिळाला. किसनराव कोपऱ्यात बसले होते. पुस्तकात एक नियम मात्र खरा होता, तो त्यांनी विचारून घेतला. तीन महिने दूध घातलं नाही की नंबर बंद. म्हणाले, “म्हंजी सतरा जानार. आमच्या म्हाताऱ्यापास्नं व्हता.”

बुधवारी हौसाबाई आल्या. मी विचारायच्या आतच म्हणाल्या, “एकशे अठरा!” जरा जोरातच म्हणाल्या. आठ लिटर, फॅट सात. किसनराव दाराशी उभे राहून बघत होते.

मग हौसाबाईंनी पिशवीतून एक छोटी किटली काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

“ह्ये सतराला लिव्हा.”

अर्धा लिटर भरलं. मशीननं फॅट दाखवली नऊच्या वर. एवढी फॅट म्हशीच्या अगदी शेवटच्या धारांनाच लागते, हे आमच्या रांगेत पोरासोरांनाही माहीत असतं. आप्पा पुढं वाकून आकडा बघायला लागले.

“हौसाबाय, तुमच्याला सात आन् किसनरावाच्याला नऊ?”

हौसाबाईंनी किटली पिशवीत घातली.

“असू द्या की आप्पा. ह्यांचा नंबर हाय त्यो.”