आबा आले तवा मी बसून राहिलो

"फुंक," आबा म्हणले.

कंपनीचं गेट. सकाळच्या शिफ्टची गर्दी. माझ्या तोंडापुढं दारू तपासायचं मशीन. धरणारा सिक्युरिटीवाला बिहारचा, रोज हसून बोलणारा. आज खाली बघून म्हणला, "फूँक दो भाई, हो गया."

फुंकलं. मशीननं काय दाखवलं न्हाई. आबांनी परत फुंकाय लावलं. परत काय न्हाई.

"मशीन बिघडलंय," आबा म्हणले. "ह्यो बसमधनं उतरला तोच झुलत. ह्यांच्या वस्तीत चूल पेटायच्या आधी बाटली उघडती."

लाईनीतली पोरं हसली. माझ्याच गावची. मला तिथनंच घरी लावून दिलं.

आमच्या घरात दारूचा थेंब येत न्हाई. आज्ज्यानं धम्म घेतला आन् त्याच दिवशी दारू सोडली. पंचशील आमच्यात भिंतीवर टांगायला नसतं, पाळायला असतं. आन् मी भर गेटात बेवडा ठरलो.

आबा म्हंजी आमच्या गावचे मोठे बागायतदार. कंपनीला माणसं पुरवायचा ठेका त्यांचा. कोण कामावर जाणार, कोण घरी बसणार, ते ठरवणार. कंपनी शिरूर तालुक्यात, आमचं गाव भीमेच्या अलीकडं, दौंडात. गावात ऊस सोडला तर काम न्हाई, आन् ऊस आमचा न्हाई.

झुलत होतो ते मात्र खरं. पाय कवा माझे असायचे, कवा नसायचे. ऊन लागलं की जास्तच. थकवा तर असला, की अंघोळ करून आलो की परत आडवं व्हावं वाटायचं. पुण्याच्या दवाखान्यात डोक्याचा एमआरआय काढला. मल्टिपल स्क्लेरोसिस. वायरीवरचं रबर झिजावं तसं आतल्या नसांवरचं आवरण झिजतं, असं डॉक्टरांनी समजावलं. मुळातनं जात न्हाई म्हणले.

"दारूनं होतं का?" मी विचारलं.

"नाही हो."

बाहेर येऊन बाकावर बसून रडलो. रोग लागला म्हणून न्हाई. बेवडा न्हाई म्हणून.

यवतला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम हायेत. त्या म्हणल्या, "पायांचं नंतर बघू. आधी धड सावरायला शिका." पोट, कंबर, पाठ. उताणं झोपायचं, गुडघे वर, पोट हळू आत घ्यायचं. मग कंबर उचलायची. श्वास कोंडायचा न्हाई. आन् सगळ्यात अवघड, टेका न घेता ताठ बसायचं. हसू नका. नुसतं बसायचं. मागं भिंत न्हाई, बाजूला हात टेकवायचा न्हाई. तुम्ही बसता ते तुम्हाला कळतबी न्हाई. माझ्या अंगाला घाम सुटायचा. बायको मागं उभी राहायची, कलंडलो तर धरायला.

"दमलात की थांबा," मॅडम म्हणायच्या. मी तर झोपेतनं उठायचोच दमलेला. थांबणार कुठं?

घरी ऊन तापायच्या आत ओट्याच्या कडेला बसायचो. रस्ता समोरच.

आमच्या वस्तीत एक रीत हाय. आबांच्या घरचं कुणी रस्त्यानं आलं की बसलेला माणूस उठतो. कुणी सांगत न्हाई, कुठं लिवलेलं न्हाई. जयंतीला डीजेपुढं बेभान नाचणारी आमची पोरंबी उठतात, मोबाईल खिशात घालून. मीबी जन्मभर उठत आलो. शाळेत घटनेची उद्देशिका पाठ केली, तरी उठत आलो.

त्या दिवशी आबांची गाडी आमच्याच दारात थांबली. मी कंपनीत जाऊन आजाराचं सांगणार, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. वडील आतनं पळतच आले.

"ऊठ, आबा आलेत."

मी बसलेलोच. पाय जमिनीवर सपाट, पोट आत.

आबा म्हणले, "आजारबिजार काढू नको. आजारी माणूस पुरवला म्हणून माझ्या ठेक्यावर बोट येतं. पिऊन आलो, चुकलो, माफ करा, म्हण. तुमच्यात काय नवीन हाय? सोमवारी ये कामावर."

म्हंजी पिणारा चालतो. आजारी चालत न्हाई.

वडलांनी हात जोडले. ज्या माणसानं जन्मात बाटली हातात धरली न्हाई, तो मला म्हणतो, "म्हण की रं. तुझं काय जातंय?" आबांच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं. धड एका बाजूला कलंडाय लागलं. हात ओट्यावर टेकवावा वाटला. टेकवला न्हाई.

"आबा, मी पीत न्हाई," मी म्हणलो. "मला आजार हाय, आन् ते मी सांगणार. आन् न उठायला आजाराचं निमित्त न्हाई. मला उठता येतंय. मी उठत न्हाई."

"काम जाईल."

"जाऊ द्या."

आबा वडलांकडं वळले. "पोराला शिकवा जरा," म्हणले आन् गेले.

मग मी तिथंच आडवा झालो. बंड केल्यावर माणूस एवढा दमतो हे कुणी सांगितलं नव्हतं बाबा. वडील उशाशी बसले. म्हणले, "घर कशावर चालवायचं?" त्यांचा सवाल खरा हाय.

काम गेलंच. व्यायामानं रोग जात न्हाई, धड सावरतं, ते बी जमंल तेवढे दिवस. मॅडमनी लपवलं न्हाई. उद्या बसताबी आलं न्हाई तर पडून राहीन. आबांना यायचं तर येऊ द्या, खाटंपाशी उभं राहून परत विचारू द्या. पडल्यापडल्या हेच ऐकवीन. पीत न्हाई. चुकलो न्हाई. माफी मागणार न्हाई.